१९४१ची उत्तर मोहीम की १९४५चं क्यूशू? वॉरगेमसाठी पर्यायी जपानी सैन्य रचताना

वॉरगेमच्या एडिटरमध्ये जपानी सैन्याचा पर्यायी इतिहास रचायला बसलं की दोन विषय हमखास समोर येतात. पहिला म्हणजे १९४१च्या उन्हाळ्यात जपान दक्षिणेकडे न वळता सोव्हिएत रशियावर चालून गेला असता तर काय झालं असतं. दुसरा म्हणजे ऑगस्ट १९४५मध्ये शरणागती झाली नसती आणि ठरल्याप्रमाणे १ नोव्हेंबरला अमेरिकन फौजा क्यूशू बेटावर उतरल्या असत्या तर. माझं मत आधीच सांगतो. अख्खी मोहीम खेळायची हौस असेल तर उत्तरेची मोहीम घ्या. एकेक युनिट घडवण्यात रस असेल तर क्यूशू घ्या.

उत्तरेची जमेची बाजू अशी की कल्पना फारशी लढवावी लागत नाही. २ जुलै १९४१च्या सम्राटासमोरच्या परिषदेनंतर ‘कान्तोकुएन’ या नावाखाली मांचुरियात (जपानच्या ताब्यातला ईशान्य चीन) जमवाजमव सुरू झाली आणि तिथल्या जपानी फौजेचं, म्हणजे क्वांटुंग आर्मीचं, संख्याबळ सुमारे ७ लाखांवर गेलं. हल्ल्यासाठी अट होती. जर्मनांशी लढायला सोव्हिएत सैन्य पश्चिमेकडे निघून जाईल आणि अतिपूर्वेतलं त्यांचं पायदळ निम्म्यावर येईल, तेव्हाच घाव घालायचा. ते घडलं नाही. सायबेरियातला हिवाळा जवळ येत होता, अमेरिकेने तेल तोडलं होतं, आणि ९ ऑगस्टला त्या वर्षापुरता बेत सोडून देण्यात आला. डिझायनरला याहून चांगला धागा मिळणार नाही. जपानच्या डिव्हिजन आहेत तशा ठेवा आणि बदल फक्त सोव्हिएत बाजूला करा. किती फौज पश्चिमेला गेली, हा एकच आकडा हलवला की पर्यायी इतिहास तयार होतो.

डिव्हिजनचा साचाही इथे बराचसा एकसारखा आहे. तीन पायदळ रेजिमेंट, एक तोफखाना रेजिमेंट, आणि सोबत इंजिनिअर व वाहतुकीच्या तुकड्या. बटालियन रचताना मात्र घाई करू नका. बाहेरून ती हलकी दिसते, पण तिच्याकडे स्वतःच्या दोन टाइप ९२ तोफा असतात. ७० मिमीची ही छोटी तोफ जेमतेम सव्वादोनशे किलोची. माणसं ती ओढत पहिल्या फळीपर्यंत नेतात, आणि तिचा पल्ला २,८०० मीटरचा आहे. शिवाय प्रत्येक प्लॅटूनमध्ये ५० मिमीचे ग्रेनेड फेकणारे टाइप ८९. त्यामुळे जवळच्या लढाईत जपानी बटालियन तिच्या आकाराच्या मानाने फार कडक मारा करते. तिची खरी कमजोरी मागे आहे: डिव्हिजनच्या ७५ मिमी तोफा सोव्हिएत तोफखान्यापुढे हलक्या पडतात आणि ओझी वाहायला ट्रकपेक्षा घोडे जास्त. युनिटला एकच सरसकट ‘ताकद’ देऊन टाकली तर हा सगळा फरक पुसला जातो.

उत्तरेचा अवघड भाग रसदीचा. मांचुरियातली रेल्वे १,४३५ मिमी रुंदीची आणि सीमेपलीकडची सोव्हिएत रेल्वे १,५२४ मिमीची. म्हणजे सीमेवरची उसुरी नदी ओलांडून पुढे गेलेली प्रत्येक डिव्हिजन रूळ बदलून होईपर्यंत घोडे आणि मोजक्या ट्रकांवर जगणार. गेममध्ये ही अडचण नीट बसवली नाही तर जपानी खेळाडू दहा टर्नमध्ये बैकल सरोवराच्या काठी उभा राहील, आणि तो सिनारिओ कोणी दुसऱ्यांदा उघडणार नाही.

क्यूशूचा स्वभाव याच्या उलट आहे. इथे नकाशा लहान, हालचाल कमी, आणि एकाच सैन्यात सतराशे साठ प्रकार. फुकुओकाकडच्या १६व्या एरिया आर्मीच्या हाताखाली दक्षिण-पूर्वेला ५७वी आर्मी आणि नैर्ऋत्येला सात्सुमाकडे ४०वी. त्यांच्या डिव्हिजनचे नुसते क्रमांक वाचले तरी कहाणी कळते. २५वी मांचुरियातून आणलेली जुनी, कसलेली. ७७वी होक्काइदोहून आलेली. १४६वी, १५४वी, १५६वी या १९४५च्या पहिल्या भरतीतल्या किनारी डिव्हिजन: प्रत्येकी चार पायदळ रेजिमेंट, पण वाहतूक आणि तोफखाना तुटपुंजा, कारण त्यांनी जागेवरच लढून जागेवरच मरावं असं ठरलेलं. २००च्या क्रमांकांच्या, म्हणजे २०६वी, २१२वी, २१६वी, या प्रतिहल्ल्यासाठी उभारलेल्या. तिसऱ्या भरतीतली ३०३वी त्याहून घाईची.

मला क्यूशू आवडतं ते याचसाठी. चारही प्रकार एकाच साच्यातून काढता येत नाहीत. किनारी डिव्हिजनला माणसं भरपूर द्या, हालचाल जवळपास शून्य ठेवा, खंदक पक्के ठेवा. प्रतिहल्ल्याच्या डिव्हिजनला हालचाल द्या, पण दिवसा नाही, कारण वर अमेरिकन विमानं आहेत. गेममध्ये रात्रीचा टर्न वेगळा असेल तर क्यूशूचा निम्मा रंग तिथेच भरतो. टाइप ३ ची-नू रणगाडाही इथेच शोभतो. ७५ मिमीची तोफ असलेले हे रणगाडे दीडशेच्या आसपासच बनले आणि मायभूमीच्या बचावासाठी राखून ठेवले होते. त्यानंतरचे टाइप ४ रणगाडे मात्र मोजकेच तयार झाले होते, त्यांची रेजिमेंट उभी करू नका. जून १९४५च्या कायद्याने १५ ते ६० वयाचे पुरुष आणि १७ ते ४० वयाच्या स्त्रिया स्वयंसेवक दलात ओढल्या गेल्या, हातात बांबूचे भालेसुद्धा होते. त्यांना लढाऊ युनिट म्हणून नकाशावर उतरवू नये असं मला मनापासून वाटतं. ओझी वाहणं, रस्ते दुरुस्त करणं, एवढाच त्यांचा परिणाम रसदीत दाखवा. बांबू घेतलेली शाळकरी मुलं काउंटर (नकाशावरची सोंगटी) म्हणून सरकवण्यात कसलाच खेळ नाही.

दोन्हीकडे एक सापळा सारखाच आहे. जपानी ‘आर्मी’ म्हणजे इतरांच्या मानाने कोअर, आणि आर्मीच्या बरोबरीची असते ती एरिया आर्मी. रणगाड्यांची ‘रेजिमेंट’ आकाराने बटालियनच. नावावर जाऊन युनिटचा आकार ठरवला तर सगळा तोल बिघडतो.

‘नोमोनहाननंतर शहाणा झालेला, पूर्ण यांत्रिक जपान’ हा तिसरा विषय अनेकांना भुरळ घालतो. नोमोनहान म्हणजे १९३९मध्ये मंगोलियाच्या सीमेवर सोव्हिएत सैन्याने जपान्यांचा केलेला पराभव. जनरल यामाशिता १९४१मध्ये जर्मनीहून यांत्रिकीकरणाचा आग्रह घेऊन परतले आणि १९४२मध्ये तीन टँक डिव्हिजन खरोखर उभ्या राहिल्या, त्यामुळे त्याला आधार नाही असं नाही. पण नौदलाकडे जाणारं पोलाद, ट्रक, तेल असं सगळं एकदम बदलावं लागतं, आणि मग उरतं ते जपानी झेंड्याखालचं जर्मन सैन्य. पहिल्या प्रयत्नात तरी हा विषय टाळा. इंफाळ-कोहिमाचा सिनारिओ मात्र आपल्याकडच्या खेळाडूंना जवळचा वाटेल, मणिपुरातल्या संगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची ४थी बटालियन लढली होती. पण तिथल्या जपानी डिव्हिजन जशाच्या तशा घ्यायच्या, रचायला फारसं काही उरत नाही.

आता चाचणीचं. उत्तरेची मोहीम निवडलीत तर आधी १९३९चं नोमोनहान खेळून पाहा. जुलैमध्ये जपानी सेनानी यासुओका यांच्या ३ऱ्या आणि ४थ्या टँक रेजिमेंटचं मोठं नुकसान झालं, कारण टाइप ९५चं १२ मिमी चिलखत सोव्हिएत ४५ मिमी तोफेपुढे टिकत नव्हतं. पण जपानी ३७ मिमी तोफांनीही सोव्हिएत बीटी रणगाडे भरपूर फोडले. तुमच्या गेममध्ये फक्त एकाच बाजूचे रणगाडे जळत असतील तर आकडे चुकलेत. क्यूशूसाठी हीच कसोटी ओकिनावाची. तिथल्या ३२व्या आर्मीने १९४५मध्ये बचावात जवळपास तीन महिने काढले, पण तिच्या २४व्या डिव्हिजनचा ४ मेचा प्रतिहल्ला अमेरिकन तोफखान्याखाली मोडून पडला. तुमची २४वी डिव्हिजन खंदकात चिवट राहिली आणि बाहेर पडताच संपली, तर त्याच मोजमापाने २१२वी रचायला घ्या. नकाशाला उत्तरेत १५ किमीचा हेक्स (नकाशावरचं षटकोनी घर) पुरतो. क्यूशूला २.५ किमीपेक्षा मोठा घेऊ नका, नाहीतर दक्षिण क्यूशूतला शिबुशीचा अख्खा उपसागर चार-पाच हेक्समध्ये मावेल.