गावालगत टाऊनशिप येतेय: हरकत, ठराव, लवाद की हायकोर्ट?

वेशीवर कंपनीचा फलक लागला की गावाची बैठक बसते आणि कुणीतरी म्हणतंच, "चला, थेट स्टे आणू." पुण्याभोवती, ठाणे-रायगडच्या पट्ट्यात हे नेहमीचं झालंय. पण फलक लागेपर्यंत एजंट गावात वर्षभर फिरून गेलेला असतो. साठेखतं झालेली असतात, कुलमुखत्यारपत्रं दिलेली असतात, कदाचित ग्रीन झोनचा (शेतीचा) येलो झोनही (निवासी) झालेला असतो. कुठला मार्ग बरा, हे प्रकरण किती पुढं गेलंय त्यावर ठरतं, म्हणून आधी मुदती बघा.

| मार्ग | कधी उपयोगी | मुदत | काय हाती लागतं |
|---|---|---|---|
| विकास आराखड्यावर हरकत | झोन ठरताना | प्रारूप जाहीर झाल्यापासून 30 दिवस | झोन बदलू शकतो |
| ग्रामसभेचा ठराव | कधीही, लवकर केलेला बरा | नाही | पुरावा आणि दबाव |
| राष्ट्रीय हरित लवाद (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) | पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर | 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60 | मंजुरी रद्द किंवा कडक अटी |
| उच्च न्यायालय | कायदा वा निर्णयप्रक्रियाच चुकीची असेल तेव्हा | ठरलेली नाही, पण उशीर नडतो | स्थगिती, नियम रद्द |

माझ्या मते यातला सगळ्यात ताकदवान मार्ग पहिला, आणि गावं सगळ्यात कमी वापरतात तोही हाच. नकाशा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या नोटिशीनं जाहीर होतो. त्यात आपला गट नंबर शोधणं कटकटीचं, त्यामुळे तिकडं कुणी फिरकत नाही. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप आराखडा 2021 मध्ये आला, तेव्हा मात्र त्यावर सुमारे 67 हजार हरकती गेल्या. प्रकरण न्यायालयातही पोचलं आणि अखेर 2025 मध्ये राज्य सरकारनं तो आराखडाच रद्द केला. अर्थात त्या हरकती सगळ्या टाऊनशिपविरोधी नव्हत्या. कित्येकांची तक्रार स्वतःच्या जमिनीवर पडलेल्या आरक्षणाची किंवा रस्त्याची होती. पण प्रशासनाला एवढा गठ्ठा बाजूला सारता येत नाही. हरकत लिहिताना "आमचा विरोध आहे" एवढ्यावर थांबू नका. गट नंबर, विहिरी, ओढ्याची वाट, बारमाही बागायत, वहिवाटीची पाणंद हे सगळं नोंदवा आणि पोच घ्या. सुनावणीला हजर राहा. तिथं दहा मिनिटं मिळाली तरी ती नोंद पुढं लवादात आणि कोर्टात कामी येते.

गोव्यात हीच लढाई राज्यभर झाली. 'प्रादेशिक आराखडा 2011' (2011 सालापर्यंतच्या नियोजनाचा) याविरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि 2007 च्या जानेवारीत सरकारला तो मागे घेत असल्याचं जाहीर करावं लागलं. पुढं नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) घालून एकेका भूखंडाचा झोन 'दुरुस्त' करायची पळवाट निघाली. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याखालचे नियम रद्द केले. म्हणजे आराखडा एकदा जिंकला तरी लक्ष ठेवावंच लागतं.

ग्रामसभेबद्दल गैरसमज फार. गावठाणाबाहेरच्या एवढ्या मोठ्या बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत देत नाही, त्यामुळे सर्वसाधारण क्षेत्रात ठरावानं प्रकल्प आपोआप थांबत नाही. आदिवासी जमिनींचं वेगळं: बिगरआदिवासीला विक्री करायची तर महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे परवानगी लागते आणि तिथं खरेदीखतच तपासायला घ्यावं. तरी ठराव करा, आणि गणपूर्तीनिशी करा. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढे लोक हवेत. तहकूब सभेत झालेला ठराव चालतो, पण समोरचा वकील त्यावर बोट ठेवतोच. इतिवृत्ताची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या. सरपंच बदलला की नवा ठराव "विकासाला पाठिंबा" असा झाल्याचीही उदाहरणं गावोगावी ऐकायला मिळतात.

आता पर्यावरण मंजुरी. 20 हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला ती लागते. दीड लाख चौरस मीटर बांधकाम किंवा 50 हेक्टर क्षेत्र झालं की प्रकल्प टाऊनशिपच्या गटात जातो. खाण किंवा कारखाना असला तर जनसुनावणी होते, हे लोकांना माहीत असतं, म्हणून ते इथंही तिची वाट बघत बसतात. ती होत नाही. 2006 च्या अधिसूचनेनं बांधकाम आणि टाऊनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलंय. मंजुरी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर येते. गावातल्या एका तरुणानं ते दर आठवड्याला बघायचं काम अंगावर घेतलं तरच 30 दिवस हाती लागतात. जास्तीचे 60 धरून 90 दिवस संपले की लवाद अपील ऐकतच नाही.

लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, नुकसानभरपाई मागितली नाही तर अर्जाचं शुल्क हजार रुपये आणि स्वतः उभं राहून बाजू मांडता येते. खर्चाच्या मानानं हा मार्ग हायकोर्टापेक्षा परवडतो, पण मुद्दा पर्यावरणाचाच लागतो. पाण्याचा हिशोब मांडा. टाऊनशिपला माणशी दिवसाला 140 लिटर पाणी धरतात. दहा हजार लोक म्हणजे रोज 14 लाख लिटर, दहा हजार लिटरचे 140 टँकर. हे पाणी कुठून येणार, याचं कागदोपत्री उत्तर मिळालं नाही तर तुमची बाजू भक्कम.

हायकोर्टात जायचं तर लवकर जा. पुण्याजवळच्या डोंगरात उभारलेल्या लवासा या खासगी शहराची कहाणी दोन्हीकडून बघण्यासारखी आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयानं तिथलं काम थांबवलं. वर्षभरात पहिल्या टप्प्यातल्या सुमारे दोन हजार हेक्टरला अटींसह मंजुरीही दिली. कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, ती आंदोलनानं नव्हे, कर्जानं. आणि परवानग्यांनाच आव्हान देणारी जनहित याचिका 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाली, तेव्हा ती उशिरा आल्याचा मुद्दा आड आला. तिथल्या मोसे खोऱ्यातल्या ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या हातात या सगळ्यातून काय पडलं, हा प्रश्न उरतोच.

रस्त्यावरचं आंदोलन मी तक्त्यात घेतलं नाही, कारण ते एकटं कधीच पुरत नाही. वसईत 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा बागायतदार, मच्छीमार, शिक्षक एकत्र आले. तिचं बळ या एकीत होतं. तुमच्या गावात निम्म्या लोकांनी इसार घेतला असेल तर मोर्चाआधी त्यांच्याशी बोला. ते विरोधात बोलणार नाहीत, पण रस्ता, ओढा आणि सांडपाणी या मुद्द्यांवर सोबत येतील.

आराखडा मंजूर, मंजुरीला सहा महिने झालेले, पाया खोदलेला, अशी स्थिती असेल तर मी तरी "रद्द करा" यावर पैसे घालणार नाही, अटींच्या मागे लागेन. मंजुरीतल्या अटींच्या पूर्ततेचा अहवाल विकासकाला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. तो माहिती अधिकारात मागा, सांडपाणी प्रकल्प खरोखर चालू आहे का ते ओढ्यावर जाऊन बघा, तारखेसह फोटो ठेवा. अटीचा भंग दिसला तर लवादात मूळ अर्ज करायला सहा महिने मिळतात.