शब्द, फ्रेज की क्लॉज? इंग्रजी वाक्य वाढवताना काय घ्यावं

हर्णैपासून देवगडपर्यंतच्या घरगुती निवासांच्या इंग्रजी जाहिराती एकापाठोपाठ एक वाचत जा. एकाची पडवी खाडीवर उघडते, दुसऱ्याच्या मागे सुरूचं बन आहे, तिसऱ्याच्या चिऱ्याच्या घरापुढे अजून शेणाने सारवलेलं खळं आहे. वाक्य मात्र तिघांचंही तेच: ‘वी हॅव ब्यूटिफुल, पीसफुल, अमेझिंग रूम्स.’ तीन विशेषणं खर्ची पडली आणि वाचणाऱ्या पुणेकराला खोलीबद्दल काहीही कळलं नाही.

वाक्य आखूड पडतंय हे लिहिणाऱ्याला जाणवतं, म्हणून तो भर घालतो. भर कशाची घालायची याचा विचार मात्र फारसा होत नाही. इंग्रजीत वाक्य वाढवायचे तीन मुख्य मार्ग आहेत. सुटा शब्द, म्हणजे विशेषण किंवा क्रियाविशेषण. फ्रेज, म्हणजे काही शब्दांचा गट, पण त्यात कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद अशी जोडी नसते. आणि क्लॉज, ज्यात ती जोडी असते. घरमालक, आंब्याच्या पेटीवर मजकूर छापणारा बागायतदार आणि दहावीतला मुलगा, या तिघांनी वेगवेगळी निवड करावी असं माझं मत आहे. पण आधी एकच वाक्य तिन्ही प्रकारे वाढवून बघू. मूळ वाक्य: ‘द बोट केम बॅक.’

शब्द घालून: ‘द ओल्ड बोट केम बॅक स्लोली.’

फ्रेज घालून: ‘द बोट विथ द टॉर्न नेट केम बॅक टू हर्णै बिफोर सनराइज.’

क्लॉज घालून: ‘द बोट दॅट हॅड लेफ्ट ॲट मिडनाइट केम बॅक बिकॉज द विंड हॅड चेंज्ड.’

पहिल्यात होडीला नुसती चिठ्ठी चिकटली. दुसऱ्यात होडी दिसायला लागली: जाळं फाटलेलं, बंदर हर्णैचं, वेळ पहाटेची. तिसऱ्यात हकिकत आली: कधी गेली, का परतली. लांबी वाढत गेली तशी वाचणाऱ्यावरची मेहनतही वाढली, हे विसरू नका. तिसरं वाक्य कळायला त्याला तीन क्रियापदं जुळवावी लागतात.

सुटा शब्द: स्वस्त, पण लवकर बोथट होणारा

शब्दाचा फायदा उघड आहे. जागा कमी लागते, व्याकरणात चुकायची भीती कमी. पाटीवर, फोटोखाली, निवासाच्या नावात शब्दच चालतो. मात्र शब्द दोन जातींचे असतात. ‘लॅटराइट’ (चिऱ्याचं), ‘वुडन’, ‘टाइल्ड’, ‘डबल’ हे माहिती देतात; ‘नाइस’, ‘लव्हली’, ‘अमेझिंग’ हे लिहिणाऱ्याचं स्वतःबद्दलचं मत सांगतात. स्वतःच्या खोलीबद्दलचं घरमालकाचं मत चांगलंच असणार, त्यामुळे वाचणारा ते शब्द ओलांडून पुढे जातो. एखादा ठेवा, बाकी खोडा.

दोन-तीन विशेषणं एकत्र आली की इंग्रजीत त्यांचा क्रम ठरलेला असतो: मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलं ते. म्हणून ‘अ लव्हली ओल्ड लॅटराइट हाऊस’. ‘लॅटराइट ओल्ड लव्हली हाऊस’ म्हटलं तर कान दचकतो. मराठीत ‘जुनं सुंदर घर’ आणि ‘सुंदर जुनं घर’ दोन्ही खपतं, त्यामुळे आपल्याला हा नियम ऐकून कळत नाही, शिकावाच लागतो. क्रियाविशेषणांबद्दल फार बोलायला नको. ‘व्हेरी’ काढून बघा, बहुतेक वेळा वाक्य सुधारतं.

फ्रेज: आपण सर्वांत कमी वापरतो ती

मराठी वाक्य नामाच्या डावीकडे वाढतं. ‘काल संध्याकाळी हर्णैच्या लिलावात घेतलेलं पापलेट’ म्हणताना सगळी माहिती आधी येते आणि पापलेट सर्वांत शेवटी. इंग्रजीत सुटा शब्द डावीकडे बसतो, पण फ्रेज आणि क्लॉज सहसा उजवीकडे जातात: ‘द पॉम्फ्रेट बॉट ॲट द हर्णै ऑक्शन येस्टर्डे इव्हनिंग’. पापलेट आधी, मग घेतलं, मग कुठे, मग कधी. आपला क्रम जवळजवळ उलटा झाला.

मराठी माणसाच्या इंग्रजीत विशेषणांची गर्दी होते, त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं. डोक्यात सगळं नामाच्या आधी तयार होतं आणि इंग्रजीत नामाच्या आधी बसतात ते सुटे शब्दच. मग फाटक्या जाळ्याची होडी लिहायची राहून जाते आणि ‘ओल्ड बोट’वर भागतं. नामाच्या पुढे जाऊन ‘विथ’, ‘ऑन’, ‘अंडर’, ‘बिहाइंड’ लावायची सवय केली तर वाक्य एका आठवड्यात सुधारेल. ‘रूम्स विथ अ व्ह्यू ऑफ द क्रीक’, ‘ब्रेकफास्ट ऑन द व्हरांडा’, ‘अ वेल बिहाइंड द किचन’. शब्द साधे, वाचणाऱ्याला मात्र पडवीतली न्याहारी आणि स्वयंपाकघरामागची विहीर दिसते.

आंब्याच्या बाबतीत फरक आणखी ठळक होतो. ‘नॅचरल मँगोज’ असं पेटीवर कुणीही छापतो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, तेव्हा ‘नॅचरल’ म्हणून बागायतदार कायदा पाळतो एवढंच कळतं. त्याऐवजी ‘मँगोज राइपन्ड इन राइस स्ट्रॉ’ लिहा. आढीत, भाताच्या पेंढ्यात पिकवलेला आंबा म्हणजे काय, ते चार शब्दांत पोचलं. ‘राइपन्ड’, ‘ग्रोन’, ‘पिक्ड’, ‘पॅक्ड’ अशा धातुसाधितांपासून, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या शब्दांपासून, सुरू होणाऱ्या फ्रेज विकणाऱ्याच्या फार कामाच्या. त्या काम सांगतात, आणि काम तपासता येतं.

फ्रेजचा एक प्रकार नावापुढे स्वल्पविराम देऊन ओळख सांगतो: ‘थिबा पॅलेस, द लास्ट होम ऑफ अ बर्मीज किंग, स्टँड्स इन रत्नागिरी.’ हीच माहिती क्लॉजने दिली तर: ‘थिबा पॅलेस, व्हेअर द लास्ट किंग ऑफ बर्मा लिव्ह्ड फ्रॉम १९१० अनटिल हिज डेथ इन १९१६, स्टँड्स इन रत्नागिरी.’ निवासाच्या पानावर ‘जवळ काय पाहाल’ या सदरात पहिलं पुरे. रत्नागिरीवर लेख लिहायचा असेल तर दुसरं घ्या, कारण तिथे वाचणारा गोष्ट ऐकायला बसलेला असतो.

आता धोके. फ्रेज ज्या शब्दाला चिकटते त्याचंच वर्णन करते. मालकाच्या मनात काय होतं ते तिला ठाऊक नसतं. ‘रूम्स फॉर फॅमिलीज विथ ॲटॅच्ड बाथरूम्स’ या वाक्यात बाथरूम कुटुंबांना जोडलेलं आहे. ‘फॅमिली रूम्स विथ ॲटॅच्ड बाथरूम्स’ म्हटलं की बाथरूम खोलीत गेलं.

दुसरा धोका खास मराठीतून येतो. ‘ओटीवर बसून समुद्र निळा दिसतो’ हे आपण सहज बोलतो. बसणारा आपण, दिसणारा समुद्र, कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत ‘सिटिंग ऑन द व्हरांडा, द सी लुक्स ब्ल्यू’ लिहिलं तर ओटीवर समुद्र बसला! सुरुवातीच्या अशा फ्रेजमागे लगेच तो माणूस यायला हवा: ‘सिटिंग ऑन द व्हरांडा, यू कॅन वॉच द बोट्स कम इन.’ जमत नसेल तर सरळ क्लॉज घ्या: ‘व्हेन यू सिट ऑन द व्हरांडा, द सी लुक्स ब्ल्यू.’

आणि तिसरा, साखळी. ‘द हाऊस इज ऑन द रोड टू द टेंपल ॲट द एंड ऑफ द लेन बिहाइंड द स्कूल.’ व्याकरण बरोबर आहे, पाहुणा मात्र गाडी थांबवून फोन करणार. एका नामामागे दोन फ्रेज ठीक, तिसरी आली की वाक्य तोडा.

क्लॉज: महाग, पण काही कामं तिचीच

क्लॉजला कर्ता लागतो, क्रियापद लागतं, काळ जुळवावा लागतो. चुकायच्या जागा जास्त. म्हणून जिथे फ्रेजने भागतं तिथे क्लॉज नको. ‘अवर हाऊस, व्हिच इज सिच्युएटेड निअर द बीच’ यातलं ‘व्हिच इज सिच्युएटेड’ काढा. ‘अवर हाऊस निअर द बीच’ उरलं, आणि हरवलं काही नाही. सरकारी अर्जांच्या भाषेतून हे ‘व्हिच इज’ आपल्या लिहिण्यात शिरलं असावं.

जो-तो, जी-ती ही आपली जोडी जशीच्या तशी इंग्रजीत नेण्याची चूकही इथलीच. ‘द रूम व्हिच फेसेस द सी, दॅट रूम हॅज एसी.’ जी खोली समुद्राकडे आहे, त्या खोलीत एसी आहे. इंग्रजीत ‘व्हिच’ आला की ‘दॅट रूम’ परत येत नाही: ‘द रूम व्हिच फेसेस द सी हॅज एसी.’

आता स्वल्पविराम, कारण इथे पैशांचा प्रश्न आहे. ‘अवर मँगोज, व्हिच कम फ्रॉम देवगड, आर पॅक्ड बाय हँड’ म्हणजे आमचे सगळे आंबे देवगडचे. ‘अवर मँगोज दॅट कम फ्रॉम देवगड आर पॅक्ड बाय हँड’ म्हणजे आमच्याकडे देवगडचे आहेत आणि इतर ठिकाणचेही, त्यातले देवगडचे तेवढे हाताने भरले. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी बाहेरचा आंबा हापूस म्हणून विकला जाण्याची धास्ती गिऱ्हाइकाच्या मनात आहेच. त्यात तुमच्याच वाक्याने संशय पेरला तर दोष कुणाला द्यायचा? स्वल्पविरामाची खात्री नसेल तर क्लॉज सोडा, ‘देवगड मँगोज, पॅक्ड बाय हँड’ लिहा.

पण अट, कारण, विरोध आणि अपवाद सांगायचा असेल तर मी क्लॉजच घेईन. ‘वी सर्व्ह फ्रेश फिश’ हे वाक्य घ्या. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा हंगाम, आणि समुद्रही खवळलेला. जुलैत आलेला पाहुणा सुरमई मागतो, त्याला खाडीचा मासा किंवा सुकट मिळते, आणि नाराजी पानावर कायमची लिहिली जाते. ‘फ्रेश’च्या जागी ‘व्हेरी फ्रेश’ करून हे सुटणार नाही. ‘इन जून अँड जुलै, व्हेन मेकनाइज्ड बोट्स स्टे ॲशोर, वी कुक क्रीक फिश अँड ड्राइड फिश.’ लांब आहे, तरी ठेवा. तसंच मोदकांचं. ‘हॉट मोदक्स अव्हेलेबल’ लिहिलं की पाहुणा दुपारी चारला येऊन मागतो. ‘वी मेक स्टीम्ड मोदक्स इफ यू टेल अस द नाइट बिफोर’ लिहिलं की ‘इफ’च्या त्या एका क्लॉजने घरातल्या बाईमाणसाची धावपळ वाचते. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीही तशीच. पावसाळ्यात फेरी बंद असते, आणि ‘व्हेन द सी इज काम’ एवढं जोडलं की भांडण मिटलं.

मग कुणी काय घ्यावं

घरमालकाने खोल्या, जेवण, परिसर यांचं वर्णन फ्रेजवर चालवावं आणि नियम, वेळा, हंगाम क्लॉजमध्ये लिहावेत. विशेषण एका वाक्यात एक, तेही माहिती देणारं. नावात किंवा पाटीवर ‘सी-फेसिंग’, ‘होम-कुक्ड’ असा जोडशब्द छान दिसतो; फ्रेजच तिथे आटून शब्द झालेली असते. मात्र समुद्र खरंच समोर असेल तरच, खाडीला सी म्हणू नका.

बागायतदाराला पेटीवर जागाच नसते. धातुसाधिताची फ्रेज घ्या आणि थांबा.

दहावीच्या मुलांचं गणित उलटं आहे. मंडळाच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत ‘क्लॉज जोडून वाक्य अर्थपूर्ण वाढवा’ असा प्रश्न येतो. तिथे ‘आय मेट अ फिशरमन’पुढे ‘विथ अ बिग बास्केट’ जोडलं तर वाक्य चांगलं होतं, उत्तर मात्र चुकतं, कारण ती फ्रेज आहे. ‘कॅरिंग अ बिग बास्केट’ही फ्रेजच. ‘कॅरिंग’मध्ये क्रियापदाचा भास होतो, पण काळ नाही. मराठीत ‘टोपली घेतलेला’ आणि ‘त्याने टोपली घेतली होती’ यात जो फरक, तोच. ‘हू वॉज कॅरिंग अ बिग बास्केट’ चालेल. तरीही परीक्षेत मी ‘हू’, ‘व्हिच’पेक्षा ‘व्हेन’ किंवा ‘बिकॉज’ घ्यायला सांगेन. ‘हू’चा क्लॉज नेमक्या नामाला चिकटवावा लागतो आणि घाईत जागा चुकते. ‘व्हेन आय वेंट टू द जेटी’ वाक्याच्या शेवटी ठेवा, नाहीतर सुरुवातीला. फरक एवढाच की सुरुवातीला ठेवलात तर त्याच्यामागे स्वल्पविराम द्या.