पर्यावरणपूरक की पर्यावरणस्नेही?

गणपतीआधी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लिहायचं काम माझ्याकडे असतं. ‘इको-फ्रेंडली’ बोलायला ठीक, पण मराठी सूचनेत मराठी शब्द हवा, असं मला वाटतं. ठाण्यातल्या इतर सोसायट्यांतही हा प्रश्न पडत असेल, म्हणून दोन्ही शब्द वापरून पाहिलेल्याचा अनुभव सांगतो.

‘पर्यावरणपूरक’ सगळ्यांच्या ओळखीचा. वर्तमानपत्रांत तोच, मूर्तींच्या दुकानांबाहेरही तोच. वाचणारा अडखळत नाही, आणि सूचनेत ही मोठी गोष्ट आहे.

मला नडली ती तुटलेली ओळ. आमचा फळा अरुंद. ‘पर्यावरण’ वर राहिलं आणि ‘पूरक मूर्ती’ खाली गेली. शेजारच्या काकूंनी विचारलं, “पूरक मूर्ती म्हणजे मोठ्या मूर्तीपुढे पूजेला ठेवतात ती लहान का रे?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मंडळांत अशी पूजेची छोटी मूर्ती असतेच, आणि पूरक आहार, पूरक प्रश्न यांतलं ‘पूरक’ म्हणजे वरची भरच. सामासिक शब्द जोडून लिहायचा हे खरं, पण फळ्यावर ते दरवेळी साधत नाही. मोबाइलवर तर कितीतरी जण तो तोडूनच लिहितात.

तेव्हापासून अर्थही खुपायला लागला. ‘युजर-फ्रेंडली’ म्हणजे वापरणाऱ्याला सोयीचं. ‘इको-फ्रेंडली’तलं ‘फ्रेंडली’ एवढंच म्हणतं, की निसर्गाला इजा करत नाही, निदान कमी करतं. शाडूची मूर्ती पाण्यात लवकर विरते, प्लास्टर ऑफ पॅरिसची तशी विरत नाही, हा फरक मोठाच आहे. तरी शाडूचाही गाळ तळाशी बसतो. ठाण्यात तलावपाळीला, म्हणजे तलावाच्या काठी, राहणाऱ्यांना विसर्जनाचे कृत्रिम तलाव कशासाठी, ते सांगायला नको. मूर्ती तलावात भर घालते ती गाळाची, मग तिला ‘पूरक’ म्हणताना माझा हात अडखळतो.

‘पर्यावरणस्नेही’ एवढा दावा करत नाही, आणि ओळीत तुटला तरी दिशाभूल करत नाही. थोडा पुस्तकी आहे, मान्य. स्नेही म्हटलं की लग्नपत्रिकेतली माणसं आठवतात, हेही खरं. पण ‘बालस्नेही’, ‘दिव्यांगस्नेही’ आता कानाला खटकत नाहीत. त्याच जागी ‘पूरक’ लावून ‘बालपूरक शाळा’ म्हणून पाहा.

छापील पत्रक अनोळखी लोकांत वाटायचं असेल, तर ‘पर्यावरणपूरक’ला मी नाही म्हणणार नाही. फळ्यावर मात्र यंदा ‘पर्यावरणस्नेही, म्हणजे शाडूची मूर्ती’ असं लिहिलं. काकू वाचून थेट मूर्ती नोंदवायला गेल्या.