लग्नाची नियोजन वही : चौकटी पुष्कळ, रकाने अपुरे

गेल्या वैशाखात आमच्या मुलीचे लग्न पुण्यात झाले. ते ठरले तेव्हा चार महिने हाताशी होते, आणि त्या चार महिन्यांसाठी मी अप्पा बळवंत चौकातून ‘वेडिंग प्लॅनर’ म्हणून विकली जाणारी एक छापील वही ३५० रुपयांना घेतली. जाड पुठ्ठा, तारेची बांधणी, दीडशेच्या आसपास पाने आणि प्रत्येक कामापुढे खूण करण्यासाठी एक छोटी चौकट, असे तिचे स्वरूप आहे. दुकानात उभ्या उभ्या चाळताना तिच्यात मला काहीही कमी दिसले नव्हते. पुढचे मत ती वापरून झाल्यानंतरचे आहे.

वहीतली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला कागदी कप्पा. कार्यालयाच्या अनामतीची पावती, शिंप्याकडची चिठ्ठी, आचाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला दर, असे सगळे कागद चार महिने त्यात राहिले आणि एकही हरवला नाही. खर्चाची पानेही चांगली आखलेली आहेत. अंदाज, आगाऊ दिलेली रक्कम आणि बाकी असे तीन रकाने शेजारीशेजारी असल्यामुळे कोणाचे किती देणे उरले आहे, हे रात्री अकरा वाजतासुद्धा चटकन सांगता येत असे. कागद मात्र पातळ आहे. शाईच्या पेनने लिहिल्यास मजकूर मागच्या पानावर उमटतो.

कामांच्या याद्या कोणीतरी परदेशी नमुन्यावरून उचलल्या असाव्यात, अशी शंका तिसऱ्याच पानावर येते. पहिले शीर्षक ‘बारा महिने आधी’ असे आहे. आमच्याकडे पत्रिका जुळून मुहूर्त निघेपर्यंत त्यांतले आठ महिने संपलेले असतात. ‘ब्राइड्समेड’साठी दोन पाने आहेत, पाहुण्यांच्या बसण्याच्या आराखड्यासाठी चार आहेत, पण रुखवत, मुंडावळ्या, अंतरपाट, ग्रहमखाचे सामान किंवा विहिणीचा मान यांपैकी एकाही गोष्टीला साधी ओळसुद्धा नाही. हे मी हाताने लिहून घेतले. कोऱ्या ओळी पुरेशा दिल्या आहेत, त्यामुळे ही उणीव भरून काढता येते.

भरून न निघणारी उणीव त्या चौकटीतच आहे, आणि ती मला साखरपुड्याच्या सकाळी कळली. ‘हार’ या ओळीपुढे ह्यांनी आदल्या दिवशी बरोबरची खूण केली होती, म्हणून मी निर्धास्त होते. दहा वाजता पाट मांडले, ताटे भरली, आणि हार कुठेच दिसेनात. ह्यांच्या लेखी त्या खुणेचा अर्थ ‘फुलवाल्याला सांगितले आहे’ असा होता आणि माझ्या लेखी ‘हार घरात आले आहेत’ असा. हार मंडईजवळच्या दुकानात, ओल्या फडक्यात गुंडाळलेले, आमच्या माणसाची वाट पाहत होते. भाचा स्कूटरवरून गेला आणि ते घेऊन आला. तोपर्यंत व्याह्यांना दुसऱ्यांदा सरबत द्यावे लागले.

त्या रात्री पट्टी घेऊन मी प्रत्येक पानावर तीन रकाने आखले : ‘कोणी’, ‘सांगितले’ आणि ‘हाती आले’. पहिल्यात एकाच माणसाचे नाव लिहायचे, कारण दोघांची नावे लिहिली की दोघेही दुसऱ्यावर विसंबतात. शेवटच्या रकान्यात खूण करण्याचा अधिकार ज्याने वस्तू डोळ्यांनी पाहिली त्यालाच. एवढी दुरुस्ती प्रकाशकाने केली असती, तर ही वही मी डोळे झाकून सुचवली असती.

पाहुण्यांच्या यादीचेही तेच. प्रत्येक कुटुंबापुढे माणसांच्या संख्येसाठी एकच जागा आहे, आणि कार्यालयाला तर सीमांतपूजनाच्या रात्रीची पाने, सकाळचा नाश्ता आणि दुपारची पंगत यांचे आकडे वेगवेगळे हवे असतात. आमच्या यादीत रात्रीचे ९० आणि दुपारचे ४१० असा फरक होता. हे काम शेवटी मुलीने बंगळूरहून गूगल शीटमध्ये केले, कारण तिथे बेरीज आपोआप होते आणि दोन शहरांतून एकाच वेळी भर घालता येते. बाकीच्या कामांसाठी फोनवरची यादी घरातल्या वडीलधाऱ्यांना मानवली नाही. वही जेवणाच्या टेबलावर उघडी असे, ती येता-जाता सगळेच वाचत.

प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशी वही बाहेरसुद्धा काढू नये. दीडशे पाने चाळायला तेव्हा कोणाला वेळ असतो? भूलतज्ज्ञ असलेल्या माझ्या भाच्याने इथे मदत केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी आणलेली सुरक्षा यादी जेमतेम १९ मुद्द्यांची आहे. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी अशा तीन ठिकाणी थांबून ती मोठ्याने वाचली जाते. त्याच धर्तीवर आम्ही एका पुठ्ठ्यावर तीन थांबे लिहिले. घरातून निघताना मुंडावळ्या, अंतरपाट, अक्षता, गौरीहराची अन्नपूर्णा आणि मामांकडची अष्टपुत्री. मुहूर्ताआधी हार, अक्षतांचे वाटप, मामा जागेवर आहेत का, आणि वरपक्षाकडून मंगळसूत्र गुरुजींच्या ताटात आले का. कार्यालय सोडताना दागिन्यांची पेटी, आहेराची पाकिटे, रुखवताची भांडी, खोल्यांच्या किल्ल्या. वाचणारी माझी जाऊ, उत्तरे देणारे आम्ही. दुसऱ्या थांब्यावर मामा नाश्त्याच्या टेबलावर सापडले.

आणखी एक ओळ वहीत हवीच होती. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी लग्नानंतर ९० दिवसांच्या आत करायची असते; तिला तीन साक्षीदार लागतात आणि अर्जावर गुरुजींची माहिती व सही लागते. लग्नपत्रिकेची एक प्रत त्यासाठी कप्प्यात ठेवली होती, म्हणून नंतर शोधाशोध करावी लागली नाही.

घरात चार-पाच जण कामे वाटून घेणार असतील आणि रकाने आखण्याची तयारी असेल, तर ३५० रुपये वाया जाणार नाहीत. एकटीनेच सगळे पाहायचे असेल, तर शंभर पानी साधी वही आणि एक पाकीट पुरे. माझी वही सध्या जाऊबाईंकडे आहे. त्यांच्या मुलाचे लग्न मार्गशीर्षात आहे, आणि ‘ब्राइड्समेड’च्या कोऱ्या राहिलेल्या दोन पानांवर त्यांनी करवल्यांच्या साड्यांचा हिशेब मांडला आहे.