दूध संकलनाच्या टेबलाला कोणती प्रायमरी की द्यावी?

दूध संस्थेच्या संकलनाचं सॉफ्टवेअर मी दोनदा केलं. प्रायमरी की म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची खूण. ती पहिल्यांदा कंपोझिट घेतली, म्हणजे अनेक कॉलम मिळून बनलेली, आणि दुसऱ्यांदा आपोआप वाढणारा आयडी घेतला. तुम्ही आत्ता टेबलं आखायला बसला असाल आणि इथेच अडला असाल, तर माझा अनुभव कदाचित कामी येईल.

कंपोझिट कीची बाजू मला आजही पटते. संकलनाची नोंद ओळखायची कशी? संस्था क्रमांक, सभासद क्रमांक, तारीख आणि सत्र, म्हणजे सकाळ की संध्याकाळ. सचिवांच्या वहीतही नोंद अशीच सापडते. नेट गेलं, काट्यावरून तीच नोंद पुन्हा आली, तर दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो. शिवाय दुधाच्या फॅट तपासणीच्या टेबलात सभासद क्रमांक आधीच असल्यामुळे कितीतरी रिपोर्ट जॉईन न करताच, म्हणजे दुसरं टेबल न जोडताच, निघतात. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण पद्धतीत ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवल्या जातात. त्यामुळे एका सभासदाचं दहा दिवसांचं दूध शेजारीशेजारी पडतं आणि बिलं झरझर निघतात. मी घड्याळ लावून मोजलं नाही, पण फरक जाणवायचा.

अडचण आली ती गाय-म्हशीवरून. सुरुवातीला ज्या संस्थेचं काम होतं तिथे एकाच प्रकारचं दूध यायचं. मग दुसऱ्या गावची संस्था जोडली गेली, आणि तिथले सभासद एकाच सकाळी दोन्ही दुधं घेऊन यायचे. चार कॉलमांची प्रायमरी की आता पाच कॉलमांची झाली. पण बदल एका टेबलात थांबला नाही. तपासणी, दरफरक, दुरुस्ती या सगळ्यांत फॉरेन की म्हणून, म्हणजे संकलनाच्या ओळीकडे बोट दाखवायला, तेच चार कॉलम बसले होते. सगळीकडे पाचवा घालायचा, जुन्या ओळींत तो भरायचा, आणि मग प्रत्येक क्वेरीतला जॉईन शोधून त्यात एक अट वाढवायची.

त्यातली एक अट राहिली. एका सभासदाने त्या सकाळी गाईचं ६ लिटर आणि म्हशीचं ४ लिटर घातलं होतं. संकलनाला तपासणी जोडताना दूध प्रकाराची अट नव्हती, म्हणून गाईच्या ओळीला दोन्ही तपासण्या चिकटल्या आणि म्हशीच्या ओळीलाही. दोनाच्या चार ओळी झाल्या, १० लिटरचे २० झाले. गाईच्या दुधाला म्हशीची फॅट लागली ती वेगळीच. एरर कुठेच नाही, कारण क्वेरी म्हणून ती बरोबरच होती. बिल छापून हातात गेल्यावर सचिवांनी फोन केला. ज्या माणसाच्या घरखर्चाचा हिशोब त्या कागदावर चालतो, त्याला चुकीचा कागद आपल्यामुळे मिळाला, हे मला फार लागलं. माझा निर्णय त्या फोननेच झाला, असं म्हणायला हरकत नाही.

आयडी घेतला की जॉईनमध्ये एकच तुलना उरते: तपासणीतला संकलन आयडी आणि संकलनाचा आयडी. अर्धवट लिहायला त्यात जागाच नाही.

आयडीचे दोष आहेतच. सगळ्यात मोठा म्हणजे तो दुबार नोंद अडवत नाही. तीच नोंद दहा वेळा टाका, दहा वेगळे आयडी मिळतील. म्हणून संस्था, सभासद, तारीख वगैरे त्या नैसर्गिक कॉलमांवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम, हवाच. तो टाकायचा नसेल, तर माझ्या मते कंपोझिट कीच बरी. दुसरं, आयडी पावती क्रमांक म्हणून छापू नका. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाली, म्हणजे नोंद अर्ध्यात रद्द झाली, की मधला आकडा गळतो आणि हिशोबनीस ‘मधली पावती कुठे गेली’ म्हणून विचारतो. आयडीसाठी पहिल्यापासून बिगइंट, म्हणजे मोठ्या आकड्यांचा प्रकार, घ्या, साधा इंटिजर २,१४,७४,८३,६४७ ला संपतो.

फ्रेमवर्कचाही, म्हणजे जँगो, रेल्स यांसारख्या वेब सॉफ्टवेअर बांधायच्या तयार सांगाड्याचाही, विचार करा. जँगोत कंपोझिट प्रायमरी की आली ती २०२५ मध्ये, ५.२ आवृत्तीत. त्यातही अशा मॉडेलकडे फॉरेन की नेता येत नाही, आणि ते अ‍ॅडमिनमध्ये नोंदवता येत नाही. रेल्समध्ये ७.१ पासून सोय आहे. तुमचं सगळं काम हाताने लिहिलेल्या एसक्यूएलवर असेल, तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही.

नुसती जोडणारी टेबलं, म्हणजे कोणत्या सभासदाला कोणती कपात लागू आहे एवढंच सांगणारी, मी अजूनही कंपोझिटच ठेवतो. त्यांच्याकडे दुसरं कुठलं टेबल बोट दाखवत नाही, मग आयडी कशाला? पण ज्या ओळीला पुढे पोरंबाळं होणार, तिला मी आयडीच देईन.

दुसऱ्या वेळच्या कामातही नियम बदललाच. एका सभासदाचा दुसरा कॅन उशिरा आला, त्याच सत्रात, त्याच प्रकारच्या दुधाचा, आणि संस्थेला त्याची वेगळी नोंद हवी होती. ‘खेप’ नावाचा कॉलम वाढवला, युनिक कन्स्ट्रेंट नव्याने बांधला. तपासणी, दरफरक, दुरुस्ती यांपैकी एकाही टेबलाला हात लागला नाही. संध्याकाळचं संकलन सुरू व्हायच्या आत काम झालं होतं.