जुन्या जपानी बेस गिटारच्या नावाखाली २,६३,०४० येनची फसवणूक

बेस गिटारसाठी १,७८,००० येन, बारा धड्यांच्या आगाऊ शुल्कापोटी ७२,००० येन, पाठवणीचे ३,८०० येन, बँकेच्या हस्तांतरणाचे ४४० येन, फसवणूक सिद्ध करण्यासाठी कारागिराला दिलेले ३,३०० येन आणि अर्ध्या तासाच्या सल्ल्यासाठी वकिलाला मोजलेले ५,५०० येन. हे सगळे मिळून २,६३,०४० येन होतात, आणि त्यातला एकही येन मला आजपर्यंत परत मिळालेला नाही. मी नोकरीनिमित्त तोक्योजवळ राहतो. येथे आपली पुष्कळ मंडळी आहेत, त्यांतील काहींना संगीताचा नाद आहे, आणि जुनी जपानी वाद्ये येथून मागवणारे लोक पुण्या-मुंबईतही आहेत. त्यांच्यापैकी कोणी मला बेस गिटार शिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या या माणसाच्या किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या कोणाच्या तावडीत सापडू नये म्हणून, लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

मला ज्या वाद्याची ओढ लागली ते वाद्य केवळ शोभेसाठी हवे होते असे कोणी समजू नये. १९८० च्या आसपासच्या इंग्लंडमधील न्यू वेव्ह संगीतात बेस गिटार मागे उभी राहून ताल धरत नाही, ती पुढे येऊन गाण्याची चाल सांगते. जॉय डिव्हिजन आणि पुढे न्यू ऑर्डर या गटांतील पीटर हुक यांचे वादन ऐकलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. सुरुवातीच्या काळात आपला अँप (ध्वनिवर्धक) इतका कमकुवत होता की खालचे स्वर ऐकूच येत नसत, म्हणून आपण वरच्या फ्रेटवर, म्हणजे वरच्या स्वरांच्या पडद्यांवर सरकलो, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९८० मधील ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ किंवा १९८३ मधील ‘एज ऑफ कन्सेंट’ वाजवायचे तर डावा हात नेकच्या, म्हणजे दांडीच्या, बॉडीकडील टोकाशी मुक्तपणे फिरला पाहिजे. हुक यांच्या हातात यामाहाची बीबी १२०० एस होती. ड्युरान ड्युरान या गटाचे जॉन टेलर मात्सुमोतो शहरातील मात्सुमोकु कारखान्यात घडलेली आरिया प्रो टू वाजवत, आणि त्यांच्या वादनावर शीक या गटातील बर्नार्ड एडवर्ड्स यांची छाप उघड दिसते. ज्या वाद्यांवर या ओळी वाजल्या त्यांच्यावरच त्या शिकाव्यात, ही माझी इच्छा होती. ती अवाजवी होती असे मला आजही वाटत नाही.

नेमकी हीच इच्छा त्या माणसाने हेरली. तो दुसऱ्या प्रांतात राहून संगणकावरून धडे देत असे, आणि त्याची जाहिरात ‘न्यू वेव्हच्या बेस ओळी, त्याच काळातील जपानी वाद्यावर’ अशी होती. पहिला धडा विनामूल्य होता. हे सांगताना माझा संताप होतो, पण तो खरोखर उत्तम वाजवत असे. आठव्या भागांचे स्वर पिकने (नखीने) सारख्या जोराने कसे मारायचे, कोरसचा परिणाम कोठे वाढवायचा, तळहाताच्या कडेने तार किती दाबायची, हे त्याने इतक्या नेमकेपणाने दाखवले की असा जाणकार माणूस लबाड असेल ही शंका कोणाच्याच मनात आली नसती. त्याच्या मांडीवर बीबी १२०० होती आणि ती खरी होती. पुढचे सगळे तुम्हाला ठाऊकच आहे: एका जुन्या विद्यार्थ्याची अगदी तशीच दुसरी गिटार विकायची आहे, आणखी एक गिऱ्हाईक वाट पाहत आहे, विक्रीच्या संकेतस्थळावरून घेतल्यास त्यांचे शुल्क भरावे लागेल, तेव्हा पैसे थेट बँक खात्यात टाका. खात्यावरचे नाव त्याच्या शिकवण्याच्या नावाशी जुळत नव्हते. ते आपले कागदोपत्री नाव आहे असे तो म्हणाला, आणि कलावंत टोपणनावाने वावरतात हे मलाही माहीत होते. आज मात्र मी ठामपणे सांगतो की नावे जुळत नसतील तर पैसे पाठवू नका, समोरचा कितीही सुरेल वाजवत असो.

आता त्या क्षणाविषयी. तो आठवला की मला आजही झोप लागत नाही.

पैसे पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला गिटारची मागची बाजू दाखवण्याची विनंती केली. बीबी १२०० नेक-थ्रू बांधणीची आहे. तिच्या नेकचे लाकूड बॉडीतून थेट शेवटपर्यंत गेलेले असते, त्यामुळे नेक आणि बॉडी यांच्यामध्ये स्क्रूने जोडलेला सांधा असण्याचा प्रश्नच येत नाही. त्याने गिटार उलटी केली, आणि जेथे काहीच असायला नको होते तेथे, दिव्याच्या उजेडात, धातूची एक चौकोनी पट्टी क्षणभर चमकली. मी ती पाहिली. मी तोंड उघडण्यापूर्वीच त्याने गिटार खाली ठेवली, ‘ही शिकवण्यासाठी वापरतो ती दुसरी, तुमची पेटीत बांधून ठेवली आहे’ असे म्हणाला, आणि त्याच श्वासात पिक कोणत्या कोनात धरावी यावर बोलू लागला. चार स्क्रूंची ती पट्टी म्हणजे बोल्ट-ऑन बांधणीची खूण आहे, हे मला त्याही क्षणी ठाऊक होते. परंतु आधीच्या धड्यात मी खरी गिटार डोळ्यांनी पाहिली होती, मागितलेली किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती, आणि ज्याला आपण सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणतो त्याला पुन्हा पुन्हा पुरावा मागणे या देशात किती उर्मटपणाचे मानले जाते हे येथे राहणाऱ्यांनाच कळेल. शिवाय माझे जपानी कचेरीपुरते आहे. वाद घालण्याइतके ते चालत नाही, आणि त्याने माझी ही अडचण पहिल्याच दिवशी ओळखली होती. हे असे असताना ‘तुला कळायला हवे होते’ म्हणणाऱ्या मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की खोटे बोलणारा तो होता.

गिटार आली ती त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतील, पण खालच्या किमतीची, बोल्ट-ऑन बांधणीची निघाली. बॉडीला नव्याने रंग दिला होता, हेडवर, म्हणजे दांडीच्या टोकावर, ताजा डीकल (चिकटवायची छाप) चिकटवला होता. माझ्या ओळखीच्या कारागिराने पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचे पातळ झाकण, उघडले तेव्हा आतली सोल्डरिंग इतकी नवी होती की चाळीस वर्षांपूर्वीच्या वाद्यात ती असणे शक्य नाही, असे त्याने लेखी दिले. नेक आणि बॉडीच्या मध्ये एक पातळ पट्टी सरकवलेली होती, आणि तारा फ्रेटपासून फार उंच राहत होत्या. बाराव्या फ्रेटच्या वर हात नेला की तळवा त्या सांध्याच्या कोपऱ्यावर आदळत असे. ज्या ओळींसाठी मी हे वाद्य घेतले त्या सगळ्या तेथेच वाजतात.

केवळ वाद्यावर छापलेल्या क्रमांकावर विसंबून जुनी जपानी गिटार घेऊ नका, हेही येथेच सांगून ठेवतो. १९८२ ते १९८४ या काळात मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनलेल्या जेव्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या फेंडर आणि स्क्वायर गिटारांना आज मोठी मागणी आहे, आणि ज्यांचा क्रमांक नेकच्या पट्टीवर असतो त्यांची पट्टी चार स्क्रू काढून कोणत्याही गिटारला लावता येते. नेक सुटा करून त्याच्या टाचेवरचा शिक्का पाहू द्यायला विक्रेता तयार नसेल, तर बोलणे तेथेच थांबवा. मात्सुमोकु कारखाना १९८७ मध्ये बंद झाला, तेव्हा १९८९ ची मात्सुमोकु गिटार म्हणून कोणी काही विकत असेल तर त्याच्याशी चर्चाही करू नका.

मी तक्रार करताच त्याने उरलेले धडे बंद केले आणि उत्तरादाखल एकच ओळ पाठवली: व्यवहाराच्या संदेशात ‘आहे त्या स्थितीत, तक्रार नाही, परतावा नाही’ असे लिहिले होते. ते खरेच लिहिलेले होते, लांबलचक संदेशाच्या तळाशी. जपानी दिवाणी संहितेचे ५७२ वे कलम सांगते की विक्रेत्याला जो दोष माहीत होता आणि जो त्याने लपवला, त्याची जबाबदारी अशा ओळीने टळत नाही. हे मला वकिलाने सांगितले. पोलिसांनी मात्र कलम पाहिले नाही, ती ओळच पाहिली.

घराजवळच्या कोबानवरील (छोट्या पोलीस चौकीतील) तरुण शिपायाने सगळे ऐकून घेतले आणि मला ठाण्यात पाठवले. ठाण्यातील अधिकाऱ्याने विचारले की वस्तू मिळाली की नाही. मिळाली, पण ती वेगळी आहे, असे म्हणताच त्याने वही मिटली आणि हा दिवाणी वाद आहे, पोलीस दिवाणी बाबीत पडत नाहीत, असे सांगितले. दंड संहितेच्या २४६ व्या कलमात फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितलेला आहे. गुन्ह्याची फिर्याद घेऊन कोणी आले तर ती पोलिसांनी स्वीकारलीच पाहिजे, असे त्यांच्याच तपास नियमावलीचे ६१ वे कलम म्हणते. मी कारागिराचे लेखी मत, धड्याचे चित्रीकरण, सगळे संदेश छापून नेले होते. त्यांनी माझी फिर्याद घेतली नाही, ‘सल्लामसलत’ म्हणून नोंद केली, आणि या दोहोंत काय फरक आहे हे मी विचारेपर्यंत मला सांगितलेही नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर ‘हिगाई तोदोके’ म्हणजे फिर्याद द्यायची आहे, हे शब्द पहिल्याच वाक्यात उच्चारा आणि नोंदीचा क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. जपानी उत्तम बोलणारा माणूस सोबत न्या, कारण परदेशी माणसाच्या अडखळत्या वाक्यांना तेथे कोणी धीराने वाट देत नाही.

बँकेचा अनुभव याहून संतापजनक ठरला. हस्तांतरणाद्वारे फसवल्या गेलेल्यांना दिलासा देणारा कायदा येथे जून २००८ पासून अमलात आहे आणि गुन्ह्यासाठी वापरलेले खाते बँक त्या कायद्याखाली गोठवू शकते. मी अर्ज केला, तेव्हा पोलिसांकडून माहिती आल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही असे उत्तर आले. पोलीस म्हणतात गुन्हा नाही, बँक म्हणते पोलिसांनी सांगावे, आणि या दोघांच्या मधल्या काळात खाते चालूच राहते. त्या कायद्यानुसार खात्यात १,००० येनपेक्षा कमी शिल्लक उरली असेल तर पीडितांना वाटपच होत नाही. म्हणजे विलंबाचा प्रत्येक दिवस चोराच्या पदरात पडतो, आणि तो विलंब करणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही.

१८८ हा ग्राहकांसाठीचा क्रमांक आहे, तो लावल्यावर जवळच्या केंद्राशी जोडून देतात. तेथील बाई सौजन्याने बोलल्या, पण व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या वस्तूत मध्यस्थी करणे कठीण आहे असे त्यांनी सांगितले. मग धड्यांच्या ७२,००० येनविषयी विचारले. दीर्घ मुदतीच्या सेवांचा करार मध्येच मोडून पैसे परत मागण्याचा हक्क कायद्याने सात प्रकारच्या सेवांना दिला आहे: सौंदर्योपचार, सौंदर्यविषयक वैद्यकीय उपचार, भाषावर्ग, घरगुती शिकवणी, शिकवणी वर्ग, संगणकवर्ग आणि विवाह जुळवणी. संगीताचे धडे या यादीत नाहीत. भाषा शिकणाऱ्याचे पैसे सुरक्षित आणि वाद्य शिकणाऱ्याचे उघड्यावर, याचे कारण मला कोणीही देऊ शकले नाही. म्हणून संगीताच्या शिक्षकाला महिन्याच्या धड्यांपलीकडे आगाऊ पैसे कधीही देऊ नका. ऑनलाइन खरेदीला येथे कूलिंग-ऑफची, म्हणजे ठरावीक दिवसांत कारण न देता करार रद्द करण्याची, सोय नाही, हेही विसरू नका.

सहा लाख येनपर्यंतच्या दाव्यांसाठी एका सुनावणीत निकाल देणारी सोय न्यायालयात आहे, पण तिला प्रतिवादीचा खरा पत्ता लागतो. त्याने दिलेल्या पत्त्यावर पाठवलेले मजकूर-प्रमाणित पत्र (ज्यातील मजकूर टपाल खाते प्रमाणित करते) ‘पत्ता अज्ञात’ असा शिक्का घेऊन परत आले. जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि त्यावर बारा आकडी क्रमांक असतो. मी तो मागितला तेव्हा, आपण धंदा करत नाही, एका विद्यार्थ्याला मदत करतो, असे त्याचे उत्तर होते. तोक्योतील ओचानोमिझु या भागातल्या वाद्यांच्या दुकानांमध्ये तीच गिटार महाग मिळेल, पण तेथे ती हातात घेऊन, उलटी करून, वरच्या फ्रेटवर वाजवून पाहता येते, आणि पावतीवर दुकानाचे नाव असते.

आता मी लेखी फौजदारी तक्रार तयार करत आहे. ठाण्याने ती पुन्हा दिवाणी ठरवू नये यासाठी दुसरा तक्रारदार हवा, असे वकिलाचे म्हणणे आहे, कारण एकाच माणसाने अनेकांना त्याच युक्तीने फसवल्याचे दिसले तर हेतू सिद्ध होतो. न्यू वेव्हचे धडे देतो म्हणत बीबी १२०० च्या नावाखाली मागे चार स्क्रूंची पट्टी असलेली, नव्याने रंगवलेली गिटार तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कोणाला मिळाली असेल, तर तिच्या नेकच्या सांध्याचे छायाचित्र काढून ठेवा, ती विकू नका, दुरुस्तही करू नका, आणि आपापल्या ठाण्यात फिर्याद द्या.