वाड्याच्या तुळईचा बाक आणि जेवणाचं टेबल: वर्षभर वापरून

पुण्याच्या नारायण पेठेतला आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी बिल्डरला दिला. पाडकामाचं लाकूड बहुतेक वेळा पाडणाऱ्या ठेकेदाराच्या टेम्पोत जातं. आम्ही करारातच लिहून घेतलं होतं की एक तुळई, दोन खांब आणि माडीच्या फळ्या आमच्या. ज्यांचा वाडा जायचाय त्यांनी हे कलम अजिबात विसरू नका.

धायरीच्या बाजूला जुन्या लाकडाचंच काम करणारं एक वर्कशॉप आहे. तिथे सहा फुटी टेबल आणि एक बाक करून घेतला. लाकूड आमचं, मजुरी ४२,००० रुपये. नव्या सागवानाचे भाव बघून आल्यावर मला ती जास्त वाटली नाही.

पहिल्या दिवशी मी आणि सासूबाई मुद्दाम गेलो. मिस्त्रींनी तुळईवरून हातातलं मेटल डिटेक्टर फिरवलं, वाजेल तिथे खडूची खूण केली. ६१ खुणा झाल्या. एक खिळा राहिला तरी पातं जातं, म्हणून दीड दिवस नुसते खिळे उपटले. खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं, सागातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन. तो डाग खोलवर मुरलेला असतो, रंध्याने जात नाही. मग पहिला रंधा फिरला, वरचा धुरकट थर निघाला आणि खालून मधासारखा रंग आला. सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास! सासूबाई तुळईवर हात ठेवून उभ्या होत्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पाणी आलं तेव्हा वाड्याचे हेच खांब पाण्यात होते, त्यांनी ते माडीवरून पाहिलंय. खांबांचा गाभा आजही खणखणीत आहे. कडेचा पांढरट भाग मात्र भुंग्याने पोखरला होता, तो मिस्त्रींनी सगळा काढून टाकला.

तुळईला कड्या, म्हणजे माडीखालची आडवी लाकडं, बसवायच्या चार खाचा होत्या. मिस्त्रींनी विचारलं, “काकू, ह्या बुजवायच्या की ठेवायच्या?” मी ठेवा म्हटलं. त्यांनी तुळई अशी फिरवून घेतली की खाचा बाकाच्या पुढच्या अंगाला आल्या. आता एकीत सासूबाईंची जपमाळ असते, एकीत चष्मा. त्या मापाचा कप्पा मला कधी सुचला नसता. लाकूड आधी वाचायचं आणि मग वस्तू ठरवायची, ही त्यांची पद्धत मला फार आवडली. टेबलाचा वरचा भागही विचार करून बसवलाय. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, म्हणून खालच्या स्क्रूंना लांबट भोकं ठेवलीत. मे महिन्यात फळ्यांच्या सांध्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली, जुलैत मिटली. चीर कुठेही नाही.

आता तक्रारी. सहा आठवडे सांगून अकरा लागले, आणि दर वेळी फोन आम्हीच करायचा. मी जवसाचं तेल आणि मेण सांगितलं होतं, आला तो चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश), अगदी प्लास्टिकसारखा. वाद घातल्यावर घासून पुन्हा केलं, पैसे घेतले नाहीत, पण तीन आठवडे त्यात गेले. बाक २० इंच उंच केला होता. सासूबाईंचे पाय टेकेनात, म्हणून बाकाचे पाय कापून तो १७ वर आणला. उंची आपणच कागदावर लिहून द्यावी, तोंडी सांगू नये.

तेलाच्या फिनिशला हळदीचा डाग लागतो, गरम पातेल्याचं वर्तुळ उमटतं. दर सहा महिन्यांनी तेलाचा हात द्यावा लागतो. ज्यांना हे नको त्यांनी पीयूच घ्यावा. टेबल दोघांना उचलत नाही, तेव्हा घर बदलणाऱ्यांनीही विचार करावा.

माडीच्या सहा फळ्या अजून उरल्यात. त्यांचं पुस्तकांचं कपाट त्याच मिस्त्रींना सांगितलंय, मापं आणि फिनिश दोन्ही लिहून, त्यांची सही घेऊन.